दोरा सरळ होईपर्यंत

माझा हात कापत नाही. चष्मा जाड झाला, गुडघे कुरकुरायला लागले, दात तर कधीच गेले. हात मात्र जिथे ठेवावा तिथे राहतो. आजूबाजूचे लोक म्हणतात, म्हातारा शांत आहे, कधी कोणावर ओरडत नाही, रोज सकाळी ध्यानाला बसतो. मी मान हलवतो. ध्यानाला बसतो हे खरं आहे. पण मनाला शांती मिळावी म्हणून मी हे शिकलो असं कोणी समजत असेल तर ते साफ खोटं. मला एका माणसाचा सूड घ्यायचा होता आणि त्यासाठी हात स्थिर हवा होता. एवढ्यासाठी मी श्वास मोजायला शिकलो.

तो माणूस म्हणजे आमचे मास्तर. जर्मनीशी लढाई सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. नगरला लागून असलेल्या भिंगारच्या बाजारात मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि लष्करातले गोरे साहेब तिथून कोट शिवून घेत. आम्ही आठ कारागीर खाली बैठकीवर मांडी घालून बसायचो. मास्तर तेवढे उभे, उंच टेबलाशी, कापड बेतायला. दुकानात मोठ्या कात्रीला त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

माझ्याकडे काजांचं काम होतं. ज्याने कधी कोट शिवला नाही त्याला वाटतं, बटणाचं भोक ते काय, आणि त्याला कारागीर कशाला हवा. अशा माणसाला माझ्यासमोर आणून बसवा. कोट पुरता शिवून झाला, अस्तर लागलं, इस्त्री फिरली, की सगळ्यात शेवटी काज. सात जणांची आठ दिवसांची मेहनत समोर पसरलेली असते आणि तुम्ही तिच्या छातीवर कात्रीचं टोक टेकवता. टाका चुकला तर उसवता येतो. चीर चुकली की कोट गेला. माझे वडील काजांसाठी सगळ्या नगरात नावाजलेले होते आणि त्यांच्यामागे ते काम माझ्याकडे आलं होतं. चोवीस वर्षांचा होतो, नुकतं लग्न झालेलं होतं. वडिलांची जागा आपण राखली याचा मला मोठा गर्व होता.

मास्तरांना एक खोड होती. काज कापायची वेळ आली की ते टेबल सोडून माझ्या पाठीमागे येऊन उभे राहत. हातात ती मोठी कात्री. तिची पाती ते माझ्या कानाशी हळूहळू उघडत आणि मिटत. कच्, कच्, कच्.

"काप. काप की. बघू बापाचा हात पोराला आलाय का न्हाई."

बाकीचे हसायचे. मीही हसल्यासारखं करायचो. पण तळहाताला घाम सुटायचा, आणि तो घाम कापडाला लागू नये म्हणून मी बोटं धोतराला पुसत राहायचो. असं किती महिने चाललं ते आठवत नाही. एक दिवस एका मोठ्या साहेबाचा कोट माझ्यासमोर होता. चार काजं झाली. पाचव्याला कात्री टेकवली, मागून कच् झालं, आणि माझा हात हिसडल्यासारखा पुढे गेला. चीर अंगठाभर लांब झाली. थेट काठापर्यंत.

मास्तर ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. त्यांनी कोट उचलला, झटकला आणि मला म्हणाले, "ऊठ. घाल."

त्यांच्या दुकानाचा एक नियम होता. ज्याने कपडा नासवला त्याने तो अंगावर घालायचा आणि पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत बाहेर ओट्यावर बसून काम करायचं, म्हणजे येणारा-जाणारा बघेल. हा नियम मी नुसता ऐकला होता. माझ्या आधी कोणाकोणावर ही पाळी आली होती, पण माझ्या डोळ्यांदेखत नाही. साहेबाचा कोट मास्तरांनी पुढचा भाग नवा बेतून वेळेवर दिला. जुना फाडलेला पुढचा भाग त्यांनी कसल्याशा अस्तराला टाचला, त्याला बाह्या जोडल्या आणि तो माझ्या अंगावर चढवला. खाली धोतर, डोक्यावर टोपी आणि छातीवर ती लोंबणारी चीर. चार दिवस मी ओट्यावर बसलो. भाजीवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. टांगेवाले मला सलाम ठोकायचे. "साब, किधर जाना है?" म्हणायचे.

चौथ्या दिवशी बाजार होता. पाथर्डीकडून माझे सासरे आले. तेव्हा पेट्रोल मिळायचं नाही, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. त्या मोटारीत अर्धा दिवस काढून, अंगावर काजळी घेऊन, ते लेकीला भेटायला आले होते. आधी जावयाच्या दुकानावर जाऊ, मग घरी, असा त्यांचा बेत. ते ओट्यासमोर उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. आतून मास्तर म्हणाले, "या पाव्हणं. जावई साहेब झालेत तुमचे." सासऱ्यांनी डोक्याचा पटका सारखा केला आणि निघून गेले. घरी जाऊन त्यांनी लेकीला काय सांगितलं ते तिने मला जन्मात सांगितलं नाही. संध्याकाळी तिने ताट वाढलं तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत होती.

त्या जेवणाच्या वेळी हात पहिल्यांदा कापला. भाकरी मोडता येईना. मग ते रोजचंच झालं. दुकानाच्या गल्लीत शिरलो की छातीत धडधड सुरू व्हायची, तोंड कोरडं पडायचं, आणि कुठेही कात्रीचा आवाज झाला, अगदी न्हाव्याच्या दुकानातसुद्धा, की सगळ्या अंगाला कापरं भरायचं. सुई ओवायला दहा-दहा वेळा दोरा चाटायचो. मास्तरांनी काजं माझ्याकडून काढून घेतली. "हात कापतो त्याला काज कशाला," म्हणाले आणि मला सैनिकांच्या खाकी पिशव्यांवर बसवलं. पिशवीला काज नसतं. जाड्याभरड्या कापडाला सरळ शिवण मारली की झालं, कोणीही करील असं काम.

त्या पिशव्या शिवता शिवता मी ठरवलं. हा माणूस एक दिवस माझ्यासमोर असाच थरथर कापला पाहिजे. आणि तो का कापतोय, कोणामुळे कापतोय, ते त्याला कळलं पाहिजे. दोन्ही गोष्टी झाल्या पाहिजेत. नुसतं कापून भागणार नव्हतं.

पण कापणाऱ्या हाताने कोणाचा सूड घेता येतो? स्वतःच्या कपातला चहा सांडणारा माणूस दुसऱ्याचं काय वाकडं करणार? आधी हात जागेवर आणायला हवा होता. वैद्याचा काढा घेतला, बायकोने नवस बोलला, काही फरक पडला नाही. फरक पडला तो आमची घागर विहिरीत पडली म्हणून.

आमच्या आळीत एक चाचा राहायचे. विहिरीत पडलेली भांडी बुडी मारून काढायची, हे त्यांचं काम. साठीला आले असतील, अंगाने काटकुळे, पण पाण्याखाली इतका वेळ राहायचे की वर उभ्या माणसाचा जीव घाबरा व्हायचा. बायकोची माहेरची तांब्याची घागर दोर तुटून खाली गेली तेव्हा मी त्यांना बोलावलं. दोराचं टोक माझ्या हातात देऊन ते पायऱ्या उतरले. पाण्यात जाण्याआधी शेवटच्या पायरीवर बसले, डोळे मिटले, आणि ओठांचा चंबू करून नुसता श्वास सोडत राहिले. घ्यायचे थोडा, सोडायचे लांब. सात-आठ वेळा. मग माशासारखे आत गेले. मी वर दोर धरून मोजत होतो आणि माझ्या हाताच्या कापण्याने सगळा दोर हलत होता.

घागर घेऊन वर आल्यावर ते मला म्हणाले, "दोर का हलवत हुतास? मला वाटलं, वर बोलावतोय."

मी म्हणालो, "हलवला नाही चाचा. हातच कापतो."

त्यांनी माझा हात धरून पाहिला, जसा बैलाचा खूर बघतात तसा. म्हणाले, "सकाळी येत जा."

त्यांनी मला जे शिकवलं ते इतकं साधं होतं की पहिल्या दिवशी मला राग आला. पेटती चिमणी तोंडासमोर ठेवायची. पोटातून हळू श्वास सोडायचा. ज्योत वाकली पाहिजे, पण फडफडता कामा नये, विझता कामा नये. श्वास संपेपर्यंत मनात आकडे मोजायचे. बस्स.

"आन् घेताना?" मी विचारलं.

"घेन्याचं काय शिकायचं हाय? ते मरनारा मानूसबी करतो. सोडायला शिकावं लागतं." मग म्हणाले, "पान्यात मानूस कशानं मरतो ठाव हाय? घाबरून हवा आत आत घेत ऱ्हातो. छाती गच्च भरून ठिवतो, सोडीत न्हाई. मग तीच छाती त्याला आनखी घाबरवती. वाचायचं आसंल तर सोडायचं."

हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. पुढे त्याचा काय उपयोग केला ते सांगतोच.

घरी चिमणीची पंचाईत झाली. रॉकेल रेशनवर, आणि दिवसाउजेडी ज्योत पेटवून तिच्यावर फुंकर मारत बसलेला नवरा बायकोला कसा खपावा? "अवो, डोकं फिरलं का तुमचं?" म्हणून तिने चिमणी उचलून आत नेली. मग मी माझी युक्ती काढली. मागच्या दाराच्या चौकटीला सुई टोचली, तिच्यात वीतभर दोरा ओवून लोंबता सोडला आणि त्याच्यासमोर बसलो. श्वास सोडला की दोरा तिरपा व्हायचा. श्वास कापला की दोराही कापायचा. श्वास संपला की सरळ. पहिल्या दिवशी अकरा आकड्यांना सरळ झाला. महिनाभराने तीस. पाऊस सरेपर्यंत मी चाळीसवर गेलो, आणि मला जाणवलं की त्या चाळीस आकड्यांपुरता मी कोणीच नसतो, ना काजवाला ना पिशवीवाला. छातीतली धडधड पायाशी येऊन बसायची. इतकी छान गोष्ट मी आयुष्यात दुसरी केलेली नाही. मी ती तिथेच सोडून द्यायला हवी होती.

पण मला सुख नको होतं, मला मास्तर हवे होते. एक दिवस मी मुद्दाम दोऱ्यासमोर बसून मास्तरांचा चेहरा आठवला. कोट चढवतानाचा. दोरा एकवीसला सरळ झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकवीस. मास्तर मनात नसले की चाळीस, असले की एकवीस, एखाद्याने मोजून दिल्यासारखं. चाचांना सांगितलं तर ते हसले.

"कुनाला घेऊन बसतोस रं?"

"मास्तरांना."

"त्याला वर ठिवून ये. मी बायकूशी भांडून उतरलो की अर्ध्यातून वर येतो. एका दमात दोघांना हवा पुरत न्हाई."

चांगलं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. विहिरीतल्या भांड्यांची गोष्ट वेगळी, माणसांची वेगळी, असं मला वाटलं. मी उलटंच केलं. रोज मास्तरांना घेऊनच बसायला लागलो. त्यांचा आवाज, ती कात्री, सासऱ्यांच्या अंगावरची काजळी, बायकोची नजर, सगळं मांडून ठेवायचं आणि मग श्वास सोडायचा. एकवीसचे तेवीस, तेवीसचे तीस. वर्ष लागलं. वर्षाने मास्तरांसकट चाळीस झाले. राग गेला नव्हता, फक्त त्याचा चटका बसेनासा झाला होता. वाळलेल्या भाकरीसारखा तो आता कितीही दिवस टिकला असता.

संधी आपोआप आली. माझ्यानंतर काजांवर बसलेला कारागीर तापाने पडला आणि साहेबाचा कोट त्याच संध्याकाळी द्यायचा होता. मी पिशवी बाजूला ठेवून उभा राहिलो. म्हणालो, "मी कापतो." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि कोट समोर टाकला. मी बसलो. ते मागे आले. कच्, कच्. मी ओठ किंचित उघडले आणि श्वास सोडायला लागलो. समोर दोरा नव्हता, तरी मला तो तिरपा झालेला दिसत होता. सहा काजं कापली. सहाही अशी की वडिलांनी पाठ थोपटली असती. मी मागे वळून मास्तरांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, आता त्यांच्या तोंडावर काहीतरी दिसेल.

"बरं हाय," ते म्हणाले आणि टेबलाकडे गेले. कात्री उचलून दुसऱ्याच कोटाचं कापड बेतायला लागले.

बरं हाय! वर्षभर मी पहाटे उठून त्या माणसाला समोर बसवत होतो आणि त्याच्या लेखी ते तेवढंच होतं. काजं मला परत मिळाली, कारागीर मला मान द्यायला लागले, बायको माझ्या हाताकडे बघेनाशी झाली. तरी त्या "बरं हाय"ने माझं डोकं जितकं फिरलं तितकं त्या कोटानेही फिरलं नव्हतं.

मग लढाई संपली. पलटणी हलल्या, साहेब एकेक करून विलायतेला जायला निघाले, आणि दुकानातले कारागीर आठाचे पाच, पाचाचे तीन झाले. मला त्याची फारशी काळजी नव्हती. लग्नाचे कोट शिवणारी माणसं नगरात कमी नव्हती. घाबरले ते मास्तर. त्यांना साहेबांशिवाय दुसरं गिऱ्हाईक ठाऊकच नव्हतं. आधी ते बोलायचे कमी झाले. मग दुपारी छातीवर हात ठेवून बसायला लागले. एकदा कापड बेतताना खडूची रेघ वाकडी गेली. त्यांनी ती पुसली, पुन्हा मारली, पुन्हा वाकडी. मी खाली बसून बघत होतो. खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की बोटाला सुई टोचलेली कळली नाही.

दोन-तीन दिवसांनी बाकीचे जेवायला गेले असताना मास्तर माझ्याजवळ येऊन खाली बसले. बैठकीवर, माझ्या बरोबरीने. असं ते कधी बसले नव्हते.

"तू ते दोरा धरून काय करतूस रं सकाळी? लोक सांगत्यात. तुजा हात कसा ऱ्हायला जाग्यावर?"

मी विचारलं, "का मास्तर?"

"छाती लई धडधडती. झोप न्हाई. कात्री धरली की हात..." आणि त्यांनी हात पुढे करून दाखवला. तो कापत होता. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्यापासून हातभर अंतरावर.

मी विचार करायला वेळ घेतला नाही. वेळ घेतला असता तर थोडी तरी सबब राहिली असती. मी भिंतीला सुई टोचली, दोरा सोडला आणि त्यांना शिकवलं. सगळं उलटं. म्हणालो, "दोरा आपल्याकडे ओढायचा मास्तर. जोरात श्वास आत घ्यायचा, दोरा ओठाला चिकटला पाहिजे. मग छाती भरलेली ठेवायची आणि सोडायचं नाही. जितका वेळ दोरा चिकटून राहील तितकं चांगलं. आणि ज्याची भीती वाटते तेच डोळ्यांसमोर आणायचं." चाचांनी ज्याने माणूस मरतो म्हणून सांगितलं होतं, ते मी अक्षर न् अक्षर त्यांच्या गळी उतरवलं.

मास्तर कामाचे पक्के. जे शिकले ते मन लावून करायचे. रोज दुपारी भिंतीकडे तोंड करून बसायचे, दोरा ओठाला चिकटवून, तोंड लाल, मानेच्या शिरा फुगलेल्या. उठताना भिंत धरायचे. मी काज करता करता तिरक्या डोळ्याने बघायचो आणि माझा श्वास इतका संथ चालायचा, इतका संथ, की चाचांनी पाहिला असता तर शाबासकी दिली असती. महिन्याभरात मास्तरांनी एका जहागीरदाराच्या घरच्या लग्नाचं किमती कापड मधोमध चुकीचं कापलं. कात्री हातातून खाली पडली. तिचा आवाज अजून आठवतो. मास्तर तिथेच खाली बसले आणि रडले. दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात आले नाहीत.

अर्धी गोष्ट झाली होती. मास्तर कापले होते. का कापले ते त्यांना कळायचं बाकी होतं.

त्यासाठी मी दोनेक महिन्यांनी त्यांच्या घरी गेलो. वाटेत काय बोलायचं ते पाठ करत गेलो. आधी कोटाची आठवण द्यायची, मग सासऱ्यांची, मग सांगायचं: मी तुम्हाला उलटं शिकवलं मास्तर, जाणूनबुजून. त्यांचा चेहरा कसा होईल तो मी दहा प्रकारांनी मनात काढून पाहिला होता. दार त्यांच्या बायकोने, काकूंनी उघडलं. मला बघून त्यांचं तोंड उजळलं. "या, या, तुमची सारखी आठवन काढत्यात," म्हणाल्या. आत मास्तर खाटेवर पडले होते, अर्धे राहिले होते. खाटेच्या वर आढ्याला एक दोरा बांधला होता, तो बरोबर त्यांच्या तोंडावर लोंबत होता.

"रोज करत्यात हो," काकू म्हणाल्या. "दमलं तरी सोडत न्हाईत."

मास्तरांनी माझा हात धरला. "तू जीव लावून शिकवलंस," म्हणाले. "पन मला जमंना. तुज्या शिकवन्यात खोट न्हाई. माझंच मन कच्चं."

मी हात सोडवून घेतला. पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. "मास्तर, तुम्ही मला तो फाटका कोट घालून ओट्यावर बसवलं होतं. माझे सासरे आले होते त्या दिवशी."

ते आठवू लागले. खरंच आठवून बघत होते, सोंग नव्हतं. कपाळाला आठ्या घातल्या, आढ्याकडे पाहिलं. "तुला?" म्हणाले. "तुलाबी बसवलं हुतं का? लई जनांना बसवलं रं. काय ध्यानात ऱ्हातंय." मग थोड्या वेळाने आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मला माज्या मास्तरांनी बसवलं हुतं. चवदा वरसांचा आसंन. सदरा हुता, गळा चुकला हुता. आई आली हुती भाकर घेऊन." त्यांनी छातीवर हात ठेवला. "तवापास्नं धडधडतंय बग हे. कात्री वाजवीत ऱ्हायलो की जरा बरं वाटायचं. आवाजात आवाज मिसळून जायचा."

माझ्या कानाशी वाजणारी ती कात्री माझ्यासाठी वाजत नव्हती म्हणे. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी पहाटे उठलो त्याच्या खिजगणतीतही मी नव्हतो. मला त्यांची दया आली असं मी लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. दया आली नाही. संताप आला. सूड घ्यायला माणूस तरी समोर हवा, त्याला आपलं तोंड तरी आठवायला हवं! आणि हा म्हातारा मलाच आपल्या आईची भाकर दाखवत होता.

"एकदा परत शिकव," मास्तर म्हणाले. "माझं कुठं चुकतंय ते बग."

काकू दारात उभ्या होत्या. दोरा हलत नव्हता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: घेऊ नका मास्तर, सोडा. दोन शब्द. त्यांचं खरं काय ते सांगून झालं होतं, माझं काही सांगायचं उरलं नव्हतं, त्यांना काही कळणारही नव्हतं. मी खाटेवर वाकलो आणि दोऱ्याचं टोक त्यांच्या ओठांसमोर नीट आणलं.

"आत ओढा," म्हणालो. "जोरात. चिकटला पाहिजे. हां. आता सोडू नका."

त्यांनी डोळ्यांनीच मला विचारलं, बरोबर आहे ना? मी मान हलवली. बाहेर आलो तेव्हा काकूंनी हातावर गूळ ठेवला.

मास्तर पुढच्या पावसाळ्याआधी गेले. कशाने गेले ते डॉक्टरही सांगू शकला नाही आणि मी कोणाला विचारलं नाही. पहिल्यांदा मी त्यांना उलटं शिकवलं त्याचं मला आजही काही वाटत नाही. ते मी पुरेपूर मोजून केलं होतं. दुसऱ्यांदा शिकवलं ते का, याचं उत्तर मी त्यांच्या घरापासून माझ्या घरापर्यंत शोधत आलो आणि अजून घरी पोचलेलो नाही.

हात कापत नाही, ते वर सांगितलंच. सगळी काजं नीट झाली, मुलांना काम शिकवलं, कात्री घेऊन त्यांच्या पाठीमागे कधी उभा राहिलो नाही. पण मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी दोऱ्यासमोर बसलो आणि मन अगदी रिकामं ठेवून श्वास सोडला. कोणाचाही चेहरा आणला नव्हता. दोरा एकवीसला सरळ झाला. तेव्हापासून रोज एकवीसच होतात, एक कमी नाही, एक जास्त नाही. कुणाला घेऊन बसतोस, असं विचारायला चाचा आता नाहीत.